खासदार निधी : अर्जाआधी सातबारा

आज खासदार निधीबद्दल बोलू. आपल्याकडे समज असा, की खासदाराकडे पैशाची थैली असते आणि ओळख असली की ती सुटते. मीही तेच धरून चाललो होतो. त्यात गावातल्या पोरांची दोन वर्षं गेली.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा भरतीची तयारी करणारी मुलं शाळेच्या ओट्यावर, बाहेरच्या दिव्याखाली अभ्यासाला बसत. पावसाळ्यात तेही बंद. अभ्यासिका हवी, असं ठरलं. लेटरहेडवर अर्ज केला, शंभरावर सह्या घेतल्या, खासदारांना भेटलो. त्यांनी शिफारस केली आणि मी पेढे वाटले! काही महिन्यांनी फाइल परत आली. ज्या मोकळ्या जागेला सगळा गाव गावठाण समजत होता, ती सातबाऱ्यावर देवस्थानची निघाली. धार्मिक संस्थेच्या जमिनीवर या निधीतून काम होत नाही. फौजेत रेकी केल्याशिवाय कधी पाऊल टाकलं नाही, आणि इथे साधा उतारा काढला नव्हता. दुसऱ्या जागेवर खोली उभी राहीपर्यंत चार मुलांची वयोमर्यादा उलटून गेली होती. चूक पूर्णपणे माझी.

आता मुद्दा समजून घ्या. ही केंद्राची योजना, डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झालेली. २०११-१२ पासून प्रत्येक खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये ठरलेले आहेत. (करोनात ती थांबली होती, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.) पण खासदार फक्त शिफारस करतो. ती आता ई-साक्षी पोर्टलवरून जाते. काम नियमात बसतं का, हे जिल्हा प्रशासन तपासतं, मंजुरी तेच देतं. महाराष्ट्रात त्यासाठी जिल्हा नियोजन कार्यालयात जायचं. काम सरकारी यंत्रणा करते. मंडळाच्या खात्यात एक रुपयाही येत नाही. म्हणून अर्ज लिहिताना डोळ्यांसमोर खासदार नको, फाइल तपासणारा कारकून हवा.

त्याला काय लागतं? जागा सरकारी किंवा स्थानिक संस्थेची असल्याचा कागद. महाराष्ट्र-गुजरातेत सातबारा, मध्य प्रदेशात खसरा, कर्नाटकात पहाणी. जमीन विकत घ्यायला हा निधी नाही. पुढे, खर्चाचा खरा अंदाज. शिफारशीतली रक्कम कमी पडत असेल तर उरलेली कुठून येणार, तेही दाखवावं लागतं, नाहीतर काम अडतं. स्मारक चालत नाही. इमारतीला कुणाचं नावही देता येत नाही. आमच्याकडे अर्धी बैठक त्यावरच गेली होती. आणि वस्ती अनुसूचित जातींची किंवा जमातींची असेल तर अर्जात ते ठळक लिहा, कारण १५ आणि ७.५ टक्के निधी त्या भागांसाठी राखलेला असतो.

बाहेरच्या राज्यांतल्या मराठी मंडळांना आपल्या सभागृहासाठी हा निधी हवा असतो. नोंदणीकृत, समाजकार्य करणारी, किमान तीन वर्षं चालू असलेली संस्था असेल तर मार्ग आहे. मात्र वास्तू सगळ्यांना खुली ठेवावी लागते, देखभाल स्वखर्चाने करावी लागते, आणि खासदार किंवा त्याचे कुटुंबीय कार्यकारिणीत असतील तर अर्ज बाद. तेव्हा मान म्हणून खासदारांना अध्यक्ष करण्याआधी विचार करा. तुमच्या मतदारसंघातला निधी संपला असेल तर राज्यसभेकडे वळा. तिथला निवडून आलेला सदस्य आपल्या राज्यात कुठेही काम सुचवू शकतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

आणखी एक कागद जोडा, देखभाल कोण करणार याचा. दुसऱ्या वेळी आम्ही ग्रामपंचायतीचा ठराव आधी घेतला. आज अभ्यासिकेचं वीजबिल पंचायत भरते. पंखे मात्र वर्गणीतून लावले, आणि त्यातला एक अजून आवाज करतो.