छप्पर झापांचे, दाखला कागदाचा

दिल्लीतील ग्रीन पार्कच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षकांचा बळी गेला आणि तो खटला पुढे दोन दशके गाजत राहिला. त्याआधी सहाच दिवस, ७ जूनला, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात कुंभाभिषेकासाठी उभारलेला यज्ञमंडप पेटून चाळीसहून अधिक भाविक दगावले होते. राजधानीतल्या मराठी माणसाला तंजावर आठवते ते व्यंकोजीराजांमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे; ही आग सहसा आठवत नाही. राज्यकर्त्यांनाही ती फार काळ आठवली नसावी. जानेवारी २००४ मध्ये शेजारच्या श्रीरंगममध्ये विवाहाचा मांडव पेटला आणि वरासह पन्नासच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १६ जुलै २००४ रोजी, तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणम् येथील कृष्णा शाळेत ९४ मुले जळून मेली.

तिन्ही ठिकाणी जळाले ते झावळ्या-झापांचे आच्छादन. कोकणातही पावसाळ्यापूर्वी घरोघर झाप विणले जात, त्यामुळे त्याचा स्वस्तपणा आणि गारवा मराठी वाचकाला सांगायला नको. प्रश्न असा की वरच्या मजल्यावरच्या वर्गांना ते छप्पर, खाली मध्यान्ह भोजनाची चूल, एकाच इमारतीत तीन शाळा आणि उतरायला अरुंद जिना, ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालू कशी राहिली?

कायदा नव्हता म्हणून नव्हे. मद्रास इलाख्याच्या १९२० च्या जिल्हा नगरपालिका कायद्यात गवत, पाने, चटया अशा ज्वालाग्राही वस्तूंच्या छपराला नगरपालिकेची परवानगी आवश्यक होती. १९६५ च्या सार्वजनिक इमारती परवाना कायद्यानुसार शाळेला महसूल यंत्रणेचा परवाना लागे आणि त्यासाठी अभियंत्याचा दाखला. शिक्षण खात्याची मान्यता त्याहून वेगळी. तीन कार्यालये, तीन नस्ती. अभियंत्याच्या कागदावर परवाना आणि परवान्यावर मान्यता उभी राहते, तेव्हा जिना चढून छप्पर पाहण्याचे काम नेमके कोणाकडेच उरत नाही. शिवाय चालती शाळा बंद करणे हे कोणत्याही आयुक्ताला राजकीयदृष्ट्या परवडणारे नसते. पदपथावरची हातगाडी उचलणे त्या मानाने फार सोपे. (नगरपालिकांच्या कारवाईची आकडेवारी अशा सोप्या कामांनीच फुगते, हे प्रशासनात वावरलेल्यांना ठाऊक आहे.)

तंजावरच्या सत्र न्यायालयाचा निकाल ३० जुलै २०१४ रोजी लागला. घटनेला दहा वर्षे होऊन गेली होती. दहा जण दोषी ठरले. त्यांत संस्थापक, मुख्याध्यापिका, स्वयंपाकी, शिक्षण खात्यातील काही कर्मचारी आणि एक खासगी अभियंता होता. अकरा जण सुटले. नगरपालिकेचे तत्कालीन आयुक्त व नगररचना अधिकारी त्यांच्यात होते. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संस्थापकाची जन्मठेप भोगलेल्या शिक्षेइतकी कमी केली आणि दोषींपैकी काहींना मुक्त केले. फौजदारी न्यायाला व्यक्तीचा अपराध सिद्ध करावा लागतो. तीन कार्यालयांमधल्या मोकळ्या जागेवर आरोपपत्र ठेवता येत नाही.

दुर्घटनेनंतर शाळांवरची झापांची छपरे उतरवण्याचे आदेश राज्यभर निघाले. सर्वोच्च न्यायालयाने अविनाश मेहरोत्रा प्रकरणी १३ एप्रिल २००९ रोजी शाळांसाठी राष्ट्रीय इमारत संहितेचे पालन सक्तीचे केले. छपरे गेली, पण दाखल्याची पद्धत राहिली. महाराष्ट्राने २००६ साली अग्निप्रतिबंधक कायदा करून सहामाही प्रमाणपत्राचे काम परवानाधारक खासगी संस्थांवर सोपवले. तरीही २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरील उपाहारगृहे पेटली आणि १४ जण मेले. झापांची जागा तेवढी तिथे ताडपत्रीने घेतली होती.

कुंभकोणम् नगरपालिकेची २०२१ मध्ये महानगरपालिका झाली. दर १६ जुलैला काशीरामन रस्त्यावरच्या त्या इमारतीसमोर पालक मुलांची छायाचित्रे मांडतात आणि मेणबत्त्या लावतात.