छप्पर गळकं चालेल, हक्क नको

भिलाईत सिविक सेंटरच्या आसपासची वसाहत पोलाद कारखान्याची. वडिलांचं तिथलं घर भाडेपट्ट्याचं असेल, तर विकायचा तो पट्ट्याचा हक्क, तोही अटींत बसला तरच. मृत्युपत्र निघालं की लोक आधी ‘प्रोबेट’ला, म्हणजे ते कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याच्या सक्तीला, घाबरतात. उगाच! 1925 च्या वारसा कायद्यातली ती सक्ती हिंदूंपुरती मुख्यतः मुंबई-मद्रास शहरं आणि बंगालभोवती होती. भिलाईला ती कधी लागूच नव्हती.

घर ‘आहे त्या स्थितीत’ विकायलाही हरकत नाही. मात्र 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगावाच लागतो. लपवला तर ती फसवणूक. भिंतीची ओल दिसते. मृत्युपत्र नसताना बहिणीचा न सोडलेला हिस्सा दिसत नाही, आणि सौदे अडतात ते बहुधा तिथेच.