मालवणच्या उथळ समुद्रातील दुर्ग आणि पोवळी

सिंधुदुर्गाविषयीच्या ऐतिहासिक लेखनात समुद्र बहुधा पार्श्वभूमी म्हणून येतो. सागरी जीवशास्त्राच्या अहवालांत याउलट किल्ला म्हणजे नकाशावरील एक खूण, एवढेच त्याचे स्थान असते. अभ्यासशाखांच्या सोयीसाठी झालेली ही विभागणी मालवणच्या बाबतीत फार काळ टिकत नाही. ज्या खडकाळ उथळपणामुळे येथे जलदुर्ग उभा राहिला, त्याच उथळपणामुळे त्याच्या तटाखाली पोवळी जगली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि ते मान्य झाल्यास या स्थळाच्या संरक्षणाचा विचारही वेगळ्या रीतीने करावा लागतो.

शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी केली. सुमारे ४८ एकरांचे हे बेट किनाऱ्यापासून दूर नाही; पण त्याच्या भोवतालचा समुद्र लहानमोठ्या खडपांनी व पाण्याखालच्या खडकांनी भरलेला आहे. खोल तळाच्या जहाजाला येथे निर्धास्तपणे येता येत नाही. वाट ठाऊक असलेल्या स्थानिक नावाड्याची उथळ होडी तेवढी सुखरूप पोहोचते. म्हणजे तटाचा पहिला पदर निसर्गाने आधीच घातलेला होता. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, नागमोडी वळणांचा दगडी तट हा दुसरा. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतल्याची परंपरागत माहिती सर्वश्रुत आहे. मुख्य दरवाजा किनाऱ्याच्या बाजूस असूनही बुरुजांच्या वळणात असा दडविला आहे की, होडी अगदी जवळ आल्याखेरीज तो दिसत नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला व त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. ते नाव लोकांच्या तोंडी कधीच बसले नाही, हे बरेच झाले.

किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या विहिरी पाहून प्रवासी आश्चर्य करतात आणि पुढे जातात. भूगोलाच्या विद्यार्थ्याने तेथे थांबावे. चोहोंकडे खारे पाणी असता मध्ये गोडे पाणी कसे राहते? गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून किंचित हलके असते. बेटावर मुरलेले पावसाचे पाणी खाली झिरपून खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराने तरंगत राहते. सच्छिद्र व एकजिनसी जमिनीत समुद्रसपाटीच्या वर या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते, असे गणित मांडले जाते. कठीण, भेगाळ खडकात हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. परंतु त्यातील इशारा मात्र लागू पडतो. वरून थोडे अधिक पाणी उपसले, तर खालून खारे पाणी त्याच्या अनेकपट वर सरकते. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. पर्यटकांची गर्दी वाढते आहे. तेव्हा या विहिरींचा प्रश्न कुतूहलापुरता उरत नाही.

आता तटाबाहेरच्या पाण्याकडे वळू. पश्चिम किनाऱ्यावर गढूळपणा व नद्यांचे गोडे पाणी यांमुळे पोवळी जगत नसावीत, असा समज दीर्घकाळ होता. १९७९ साली एस. झेड. कासिम व एम. व्ही. एम. वाफर यांनी या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत पोवळी असल्याची नोंद प्रसिद्ध केली. मालवण त्यांपैकी एक. येथे पोराइटिस, गोनिॲस्ट्रिया, टर्बिनेरिया अशा प्रजाती आढळतात. त्यांतील बहुतेक वसाहती फांद्यांच्या नसून गोट्यासारख्या किंवा खडकावर पसरणाऱ्या आहेत, आणि हे स्वाभाविक आहे. पावसाळ्यातला गाळ सोसण्याची शक्ती अशा प्रकारांत अधिक असते. चिकटण्यास कठीण खडक, तळापर्यंत पोहोचणारा प्रकाश आणि ओढीच्या जाळ्यांना अडविणारी खडपे, या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत.

पाहणीस जाणाऱ्याने दिनदर्शिकेत तारखेपेक्षा तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत दूर हटते, आणि त्या दिवसांत येथे सुकती साधारणतः पहाटे व सायंकाळी येते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, खडक पुरते उघडे पडत नाहीत. पाऊस संपल्यावर गाळ बसण्यास अवधी लागतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उधाणाच्या सुकतीला पुळणीवरून पद्मगडापर्यंत चालत जाता येते.

१९८७ साली येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यापैकी किल्ला, पद्मगड व भोवतालचे खडक धरून ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. ते कच्छच्या आखातासारखे राष्ट्रीय उद्यान नाही, आणि हा भेद केवळ नावाचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात खाजगी हक्क संपुष्टात येतात. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात. सागरी क्षेत्रात स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखावे, अशी तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने आली. मालवणची घोषणा त्यापूर्वीची. रापण ओढणाऱ्यांनी अभयारण्याकडे संशयाने पाहिले, त्याचे मूळ येथे शोधावे लागेल. पोवळ्यांना नांगर आणि पोहणाऱ्यांचे पाय यांपासून होणारा उपद्रव रापणीहून कमी नाही, असे आम्हांस वाटते; तरी बंदीची चर्चा निघते ती प्रथम मच्छीमारांविषयीच.

२००१ पासून खडकबांधणी करणाऱ्या पोवळ्यांना कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. तटालगतचा एखादा खडक अशा रीतीने पुरातत्त्व, वन आणि वारसा अशा तिन्ही दप्तरांत मोजला जातो. तिन्ही ठिकाणची मोजणी मात्र वेगवेगळी. निदान तीन विहिरींची क्षारता मे व ऑक्टोबर या दोन महिन्यांत, आणि त्याच दिवसांत तटाखालच्या ठराविक खडकांवरील पोवळ्यांची स्थिती, अशी जोडनोंद एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने काही वर्षे ठेवावी. त्यासाठी क्षारतामापक, होडीचे भाडे आणि तिथीचे भान एवढेच साहित्य लागेल.