तार कोणती कापायची?

लाल तार कापावी की निळी, या एका प्रश्नाच्या जोरावर चित्रपटवाल्यांनी प्रेक्षकांचा जीव वर्षानुवर्षे टांगणीला लावला आहे. १९७४ च्या ‘जगरनॉट’ या इंग्रजी चित्रपटात तर भर समुद्रातील प्रवासी जहाजावर बॉम्ब ठेवविणारा इसम आणि ते निकामी करण्यासाठी धाडलेला अधिकारी हे एकेकाळचे गुरु-शिष्यच निघतात. गुरू निळी तार कापावयास सांगतो, शिष्य लाल कापतो आणि जहाज वाचते. नाट्य म्हणून प्रसंग उत्तम आहे. परंतु तारांना ठरावीक रंगच द्यावेत असा हुकूम बॉम्ब करणाऱ्यांवर कोणत्याही सरकारने बजावलेला नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे रंगावर भिस्त ठेवणारे शास्त्र फार दिवस जगणार नाही, हे उघड होते.

त्या मानाने कॅथरिन बिगेलो यांचा ‘द हर्ट लॉकर’ हा चित्रपट पदार्थविज्ञानाशी अधिक इमान राखतो. २०१० साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळविणाऱ्या या कृतीचे कथानक २००४ च्या बगदादमध्ये घडते. आरंभीच, यंत्रमानवाच्या मागे जोडलेल्या छोट्या गाड्याचे चाक निखळल्यामुळे बॉम्बनाशक तुकडीतील एक सैनिक अवजड पोशाख चढवून स्वतःच बॉम्बपाशी चालत जातो. तो परतत असताना दुरून कोणीतरी मोबाइलचे बटण दाबतो आणि स्फोट होतो. त्या क्षणी रस्त्यावरची खडी जमिनीपासून अलगद वर उचलली जाते, एका मोडक्या मोटारीच्या पत्र्यावरचा गंज भुकटी होऊन उडतो आणि पोशाखासह तो माणूस कोसळतो.

खडी उचलणारी ती अदृश्य शक्ती म्हणजे आघाततरंग. टी.एन.टी. या स्फोटकात स्फोटाची लाट सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने पसरते; त्या वेगाने पुण्याहून निघालेला प्रवासी नऊ-दहा सेकंदांत लोणावळ्यास पोहोचेल. एवढ्या त्वरेने निर्माण झालेले वायू भोवतालची हवा भिंतीसारखी दाबून पुढे लोटतात आणि ती भिंत कानाचे पडदे व फुप्फुसे यांवर आदळते. तीस-पस्तीस किलोंचा पोशाख उडत्या तुकड्यांपासून पुष्कळ संरक्षण देतो. परंतु अगदी जवळच्या मोठ्या स्फोटाच्या दाबापुढे त्याचे फारसे चालत नाही, आणि बोटांना सूक्ष्म काम करता यावे म्हणून हात तर बहुधा उघडेच ठेवावे लागतात.

नवलाची गोष्ट अशी, की एवढा संहार करणारे हे द्रव्य स्वभावाने मात्र सुस्त आहे. टी.एन.टी. सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळते व साच्यात ओतता येते. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अभियंत्यांनी न फुटलेल्या बॉम्बच्या कवचाला भोक पाडून, आत वाफ सोडून, स्फोटक वितळवून बाहेर काढण्याची तजवीज केली. खरा चिडखोर असतो तो डिटोनेटरमधील चिमूटभर पदार्थ. तो पेटल्यावाचून मुख्य साठा जागा होत नाही, आणि वीज किंवा ठोका मिळाल्यावाचून तो पेटत नाही. बॉम्ब निकामी करणे म्हणजे ही साखळी कोठेतरी तोडणे.

१९४० साली लंडनवर पडलेल्या जर्मन बॉम्बनी ही साखळी दुर्भेद्य केली होती. त्यांच्यातील १७ क्रमांकाचा फ्यूज घड्याळाच्या यंत्राने स्फोट ७२ तासांपर्यंत लांबवी. ५० क्रमांकाचा निमूट पडून राही आणि जरासा धक्का लागताच वीज सोडी. हे दोन्ही एकाच बॉम्बमध्ये बसविलेले असत, तेव्हा एक म्हणे त्वरा करा आणि दुसरा म्हणे हात लावू नका. या पेचात पडणाऱ्यांपैकी एक होते सफोकचे विसावे अर्ल चार्ल्स हॉवर्ड. काम करताना ते जे पाहात व जे करीत ते तोंडाने सांगत आणि सेक्रेटरी आयलीन बेरिल मॉर्डेन ते लिहून घेत. १२ मे १९४१ रोजी लंडनजवळ एरिथच्या दलदलीत बॉम्ब फुटला व अर्ल, सेक्रेटरी आणि मोटारचालक असे तिघेही गेले. ज्या माणसाला आपण परत येऊ की नाही याची खात्री नसते, त्याने पुढच्यांसाठी नोंद ठेवणे, ही शास्त्रीय वृत्तीची पराकाष्ठाच म्हटली पाहिजे.

पुढच्यांनी अशा अपघातांपासून धडा घेतला. १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमधील बॉम्बनाशक तुकड्यांसाठी ब्रिटिश अधिकारी पीटर मिलर यांनी बागेतील विजेच्या ढकलगाडीच्या सांगाड्यावर दुरून चालणारे यंत्र रचले, म्हणून त्याचे नाव ‘व्हीलबॅरो’ असेच पडले. अशा यंत्रावरून पाण्याचा प्रचंड वेगवान झोत सोडला, म्हणजे स्फोटाची इशारत डिटोनेटरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बॉम्बच्या जोडणीचे तुकडे होतात. तारेचा रंग कोणी विचारीतच नाही. पुण्यालगत दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेत सिद्ध झालेला ‘दक्ष’ हा यंत्रमानव याच कुळातला. तो जिने चढतो, संशयित वस्तूचे क्ष-किरण चित्र घेतो आणि पाण्याचा झोतही मारतो.

‘हर्ट लॉकर’चा नायक मात्र यंत्र बाजूस सारून बॉम्बकडे निघतो, आणि प्रेक्षक त्याच्या धैर्यावर लुब्ध होतात. चित्रपटाला नायक हवा असतो, हे खरे. परंतु या विद्येची गेल्या ऐंशी वर्षांची सारी वाटचाल माणसाला बॉम्बपासून दूर नेण्याची आहे. त्यामागे एक साधे गणित आहे: दुप्पट अंतरावर तेवढाच दाब पोहोचवायचा, तर स्फोटक आठपट लागते. पावलांइतकी स्वस्त ढाल दुसरी नाही.

तेव्हा रेल्वेच्या फलाटावर बेवारस पिशवी दिसली, तर आत काय आहे हे पाहण्याचा मोह आवरावा, ती हलवू नये, स्वतः दूर जावे, इतरांनाही दूर न्यावे, आणि मग ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. तार कोणती कापायची, हा प्रश्न आपला नव्हे.