मिळवत्या हाताला शिक्षा कशासाठी?

१९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि स्वमग्नता ही एक स्वतंत्र अवस्था म्हणून वैद्यकशास्त्रात ओळखली जाऊ लागली. त्या अकरांतील पहिले नाव डोनाल्ड ट्रिप्लेट यांचे. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी ते पुढे एका बँकेत कामाला लागले आणि साठ वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिले. २०२३ साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. स्वमग्न माणूसही आयुष्यभर नोकरी करू शकतो, याचे उदाहरण म्हणून त्यांचा उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. मात्र ती बँक त्यांच्या आईच्या घराण्याची होती, हा तपशील सहसा कोणी सांगत नाही.

प्रत्येक स्वमग्न मुलाच्या आजोळी बँक नसते. आपल्याकडे अठरावे वर्ष उलटले की विशेष शाळा संपते. नंतर जवळपास एखादी कर्मशाळा असली आणि तीत जागा मिळाली तर मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पणत्या; नाहीतर घराच्या चार भिंती. मुलगा पंचविशीत येतो तेव्हा वडील निवृत्तीला टेकलेले असतात. ‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ हा त्या घरातला रोजचा प्रश्न. तो प्रेमाचा आहे तसा अर्थशास्त्राचाही आहे.

कायद्याने या प्रश्नाची दखल उशिरा घेतली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील यादीत स्वमग्नतेला स्थान नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची सोय झाली. परंतु नोकरीचा हक्क मिळण्यास २०१६ चा कायदा यावा लागला. त्यानुसार सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान चार टक्के जागा राखीव आहेत. त्यांपैकी स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांच्या वाट्याला मिळून एक टक्का येतो. खाजगी मालकांसाठी पाच टक्क्यांचे उद्दिष्ट आहे खरे, पण ते उत्तेजनाच्या स्वरूपाचे आहे, सक्तीचे नव्हे. साहजिकच बहुसंख्य स्वमग्न प्रौढांचा आधार नोकरी हा नसून कुटुंब आणि जे काही अनुदान मिळेल ते हाच आहे.

या अनुदानाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेसाठी कुटुंब दारिद्र्यरेषेखालील आणि अपंगत्व ८० टक्क्यांहून कमी नसलेले असावे लागते. या योजनेत दरमहा ३०० रुपये ही रक्कम २०१२ साली ठरली आणि नवा कायदा झाल्यावरही अनेक वर्षे तेवढीच राहिली. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार अनुदान योजना तुलनेने उदार. दिव्यांगांसाठीचे तिचे अनुदान दीड हजारावरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली घेतला. परंतु तेथेही उत्पन्न मोजले जाते ते कुटुंबाचे, आणि त्याची मर्यादा इतकी तोकडी आहे की घरात एक साधी नोकरी आली तरी ती ओलांडली जावी.

मध्यमवर्गाची भिस्त असते ती कुटुंब निवृत्तिवेतनावर. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचे अपत्य अपंगत्वामुळे चरितार्थ चालविण्यास असमर्थ असेल, तर त्याला ते आजीवन मिळू शकते. २०२१ साली उत्पन्नाची अट पुष्कळ सैल करण्यात आली. अपत्याचे अन्य उत्पन्न देय कुटुंब निवृत्तिवेतनाहून, म्हणजे कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम अधिक तीवरील महागाई साहाय्य याहून, कमी असले म्हणजे पुरे. सुधारणा स्वागतार्ह होती. तथापि अखेरचे वेतन ६० हजार धरले तर महागाई साहाय्य वगळता निवृत्तिवेतन होते १८ हजार. मर्यादेच्या आत दोनशे रुपये असलेल्या मुलाला तीनशे रुपयांची पगारवाढ मिळाली की त्याच्या हक्कावरच गदा येते. मिळवायचे तीनशे आणि गमवायचे अठरा हजार! चालत्या वाटेने माणसाला कड्यावर नेऊन सोडावे, तशी ही रचना आहे.

मग आईवडील मुलाला नोकरीवर पाठविताना कचरतात, यात नवल ते काय? स्वमग्न माणसाची नोकरी अनेकदा एखाद्या समजूतदार वरिष्ठावर उभी असते. त्याची बदली झाली, बसण्याची जागा गोंगाटात हलली, कामाचा क्रम न सांगता बदलला, एवढ्यानेही ती मोडू शकते. निवृत्तिवेतन मात्र मरेपर्यंतचे. बेभरवशाच्या पगारासाठी भरवशाचे उत्पन्न धोक्यात न घालणे हा आळस नव्हे. तो चोख हिशेब आहे. शिवाय अनुदानासाठी ‘याला काही जमत नाही’ असा दाखला आणि नोकरीसाठी ‘याला हे जमते’ असा दाखला, असे दोन परस्परविरोधी कागद एकाच घराला एकाच फडताळात सांभाळावे लागतात.

परदेशांनी हा पेच पुरता सोडविला आहे असे नव्हे. ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या बकलंड अहवालानुसार दहा स्वमग्न प्रौढांपैकी जेमतेम तिघे नोकरीत होते. २०२५ साली तेथील सरकारने अपंगत्व भत्त्याचे निकष आवळण्याचा घाट घातला आणि स्वपक्षीय सदस्यांच्याच विरोधामुळे त्याला माघार घ्यावी लागली. तरीही तेथील व्यवस्थेतील दोन तत्त्वे घेण्याजोगी आहेत. अपंगत्वामुळे येणाऱ्या जादा खर्चासाठीचा भत्ता नोकरी असो वा नसो, मिळतो. चरितार्थाची मदत निराळी. ठरावीक सवलतीनंतर मिळविलेल्या प्रत्येक पौंडामागे ती ५५ पेन्सने घटते. कडेलोटाऐवजी घाटाची उतरण, असे याचे वर्णन करता येईल.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. प्रौढ स्वमग्न व्यक्तीचे उत्पन्न कुटुंबाच्या उत्पन्नापासून वेगळे मोजावे. कमाई वाढेल तशी मदत क्रमाक्रमाने कमी व्हावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नोकरी सुटल्यास पूर्वीचे निवृत्तिवेतन नव्या तपासणीच्या फेऱ्यांविना पुन्हा सुरू होण्याची हमी असावी. यात तिजोरी रिकामी होईल, हा आक्षेप टिकणारा नाही. जो भीतीने घरी बसतो त्याला पूर्ण रक्कम आजही द्यावीच लागते. तो अंशतः जरी मिळवता झाला तरी तेवढा भार हलकाच होईल.

ट्रिप्लेट यांच्यामागे एक घराणे आणि एक गाव उभे होते. ज्यांच्यामागे यांपैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी राज्यसंस्था असते. तिने त्यांना पोसावे, हे तर खरेच. पण त्यांनी स्वतःच्या हाताने चार पैसे मिळविले, तर त्याबद्दल दंड तरी करू नये.