आजार उलटला तर

बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगावर उपचार साधारण दोन-अडीच वर्षं चालतात. ते संपले तरी पुढची काही वर्षं आजार उलटण्याचा धोका राहतो. दुसऱ्या खेपेला औषधं अधिक कडक असतात. काही मुलांना अस्थिमज्जा प्रत्यारोपणही लागतं. पुढे काय काय होणार हे आईबापांना आता आधीच ठाऊक असतं, आणि तेच जड जातं.

या उपचारांसाठी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरकरांना नागपूरचं तुकडोजी कर्करोग रुग्णालय जवळ. टाटा रुग्णालयात पाठवलं, तर अमरावतीहून अंबा एक्स्प्रेसनं मुंबई. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण-नातेवाइकांची सोय होते. रेल्वेत स्लीपर, थ्री-टियर एसीत रुग्णाचं भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. सोबती मात्र एकच. दुसऱ्या पालकाचं तिकीट पूर्ण.