जांभूळ आणि रातांबा : रंगाच्या दाव्याची तपासणी

कोकणात चैत्र-वैशाखात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात आणि मृगाच्या आगेमागे जांभळांचा सडा पडू लागतो. दोन्ही झाडे आपल्याच मातीतली, दोन्ही फळे पिकली की गडद जांभळी होणारी. अलीकडे या रंगालाच औषधाचा भाव आला आहे. जांभळाच्या बियांचे चूर्ण मधुमेहावर आणि कोकमाच्या जातकुळीतल्या फळांचा अर्क वजन उतरवण्यासाठी सर्रास विकला जातो, आणि दोहोंत जास्त गुणकारी कोणते, हा प्रश्न ओघानेच येतो. माझ्या मते रंगाकडे पाहून त्याचा निकाल लावता येणार नाही. फळाचा कोणता भाग, कोणत्या रूपात आणि किती पोटात जातो, यावरच तो ठरतो.

रंगाच्या बाजूने सांगितले जाते ते खोटे मात्र नाही. दोन्ही फळांना अँथोसायनिन गटातली द्रव्ये रंग देतात. जांभळात त्यांचे डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन हे प्रकार आढळतात, कोकमात मुख्यतः सायनिडिन. परीक्षानळीत ही द्रव्ये उत्तम ऑक्सिडीकरणरोधक ठरतात. अडचण पुढे आहे. खाल्लेल्या अँथोसायनिनचा अगदी थोडा अंश मूळ रूपात रक्तात पोचतो, बराचसा आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागून बदलतो. नळीतल्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही आणि विक्रेते त्या आकड्यांचा गैरवापर करतात, हे ओळखून अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा आपला तक्ता 2012 मध्ये मागे घेतला. रंगीत फळे-भाज्या नेहमी खाणाऱ्यांत हृदयविकार कमी दिसतो, हा आक्षेप इथे कोणी घेईल. निरीक्षण बरोबर आहे, पण ते सगळ्या आहाराविषयीचे आहे. त्यातले श्रेय एकट्या रंगद्रव्याला काढून देता येत नाही.

जांभळाचा मोठा दावा मधुमेहाचा आहे आणि तो जुना आहे. आयुर्वेदात जांभळाची बी प्रमेहावर सांगितली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे 1921 मध्ये इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी, युरोपातल्या डॉक्टरांनीही जांभूळ मधुमेहावर वापरून पाहिले. बियांतली टॅनिने आणि एलॅजिक आम्ल प्रयोगशाळेत पिष्ट पचवणाऱ्या विकरांना मंदावतात, आणि मधुमेह घडवलेल्या उंदरांत अर्काने साखर उतरल्याचे अनेक प्रयोग आहेत. इतकी परंपरा आणि इतके प्रयोग असताना शंका कशाला, असे वाचक विचारू शकतो. कारण उंदराला वजनाच्या हिशेबाने दिलेला तीव्र अर्क आणि सकाळी पाण्याबरोबर घेतलेले चमचाभर चूर्ण यांची बरोबरी होत नाही. वैद्यही बी एकटी देत नसत, सोबत पथ्य आणि इतर द्रव्ये असत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा काढा मधुमेहावर घरोघर घेतला जातो. तिथल्या संशोधकांनी रुग्णांवर त्याची काटेकोर चाचणी घेतली, निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि काढ्याने साखर उतरली नाही. ही चाचणी पानांची होती, बियांची नव्हे, हे मान्य. तरीही लोकप्रियता आणि उंदरांवरचे यश माणसाच्या रक्तापर्यंत पोचेलच असे नाही, एवढे तिने दाखवून दिले.

फळाबद्दलही गैरसमज आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यात 100 ग्रॅम जांभळाच्या गरात सुमारे 15 ग्रॅम कर्बोदके आहेत, आणि आंब्यातही जवळपास तेवढीच. मधुमेहींनी जांभळे मोजून खावीत, पाटीभर नव्हे. जांभळाने रक्त वाढते म्हणतात, पण या तक्त्यातले त्याचे लोह 0.19 मिलिग्रॅम आहे, तर भारतीय स्त्रीची रोजची शिफारस 29 मिलिग्रॅमची. शिवाय तुरट चवीची टॅनिने लोहाचे शोषण अडवतात.

रातांब्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तो फळ म्हणून क्वचितच खाल्ला जातो. त्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल मुबलक असते. पेशीत चरबी तयार करणाऱ्या एका विकराला ते अडवते, म्हणून वजन उतरेल असा तर्क निघाला. कोकमाच्याच प्रजातीतल्या केरळी कुडंपुळीच्या अर्कावर 135 जणांची 12 आठवड्यांची चाचणी 1998 मध्ये प्रसिद्ध झाली. अर्क घेणारे आणि बिनऔषधी गोळी घेणारे यांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. पुढे अशा अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणेही नोंदली गेली. ही प्रकरणे दाट अर्काची आहेत, आमटीतल्या चार आमसुलांची नव्हेत, म्हणून सोलकढीला भिण्याचे काही कारण नाही. उलट कोकमाचे खरे मोल स्वयंपाकघरातच आहे. सालीला रसाची पुटे देत उन्हात वाळवलेले आमसूल वर्षभर टिकते, बांगड्याच्या तिखल्यापासून साध्या वरणापर्यंत आंबटपणा देते आणि उन्हाळ्यात पाणी प्यायला लावते. मात्र आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, मिठाच्या बळावर टिकते आणि अमृत कोकम हे सरबत साखरेच्या. रक्तदाब असलेल्याने पहिले आणि मधुमेहीने दुसरे बेताने घ्यावे. बियांचे तेल तर थंडीत भेगाळलेल्या टाचांना आजही लावतात, आणि हा उपयोग कोणत्याही कॅप्सूलपेक्षा मला प्रामाणिक वाटतो.

म्हणून माझा कौल असा : हंगामात मूठभर ताजे फळ खायचे असेल तर जांभूळ, आणि वर्षभर रोजच्या जेवणात थोडे थोडे हवे असेल तर मीठ-साखर सांभाळून कोकम. चूर्ण आणि अर्क दोहोंचेही टाळावेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जांभळाच्या बियांचे चूर्ण घ्यायचेच असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना सांगा, आणि त्याच्या भरवशावर चालू औषध कधीही बंद करू नका.